टाकीवरचा वीरू आणि मान वर न होणारा गाव

पत्र : मी अहमदपूर तालुक्यातील एका गावात राहते. माझी मुलगी आता आठवीत गेली आहे. ‘शोले’ला पन्नास वर्षे झाली तेव्हा तिच्या आजोबांनी तिला शेजारी बसवून तो चित्रपट दाखवला आणि तेव्हापासून टाकीवर चढलेल्या वीरूचा प्रसंग लेगोच्या ठोकळ्यांत उभा करायचा तिने ध्यास घेतला आहे. गावचा जलकुंभ पाहून ती टाकी बांधते, पण खांब वाकतात, टाकी गोल होत नाही आणि खाली जमलेली बाहुल्यांची गर्दी काही केल्या वर पाहत नाही. शाळेच्या स्नेहसंमेलनात याची छोटी चित्रफीत दाखवावी अशी तिची इच्छा आहे. आजोबा म्हणतात, करायचे तर हुबेहूब करा. तिचे वडील म्हणतात, एवढ्या पैशांत वर्षाची वह्यापुस्तके येतात. ती आता रडकुंडीला येऊन हजारो ठोकळ्यांचा मोठा संच मागते आहे. तो घ्यावा का? आणि चित्रपटातले मूळ संवाद लावले तर चालतील का? – एक आई, जि. लातूर

उत्तर : ताई, मोठा संच घेऊ नका. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे बाकीचे निवांत बोलता येईल. मात्र मी तिच्या वडिलांची बाजू घेतो आहे असे त्यांना वाटू देऊ नका. मोठ्या संचातले तुकडे त्याच्या खोक्यावर जे चित्र असते तेवढ्यासाठीच निवडलेले असतात. किल्ल्याचा, गाडीचा किंवा अवकाशयानाचा संच फोडला तर त्यातून उतरती छपरे, खिडक्या, चाके आणि नावही सांगता न येणारे असंख्य बारके तुकडे निघतील, आणि टाकीच्या खांबांना लागणारे साधे चौकोनी ठोकळे हाती मोजकेच लागतील. आहे त्या सामानात हा प्रसंग उभा राहू शकतो. त्यासाठी तिने सबंध गाव बांधण्याचा नाद सोडून, कॅमेऱ्याच्या चौकटीत जेवढे दिसते तेवढेच बांधायला घेतले पाहिजे.

‘शोले’ १५ ऑगस्ट १९७५ रोजी प्रदर्शित झाला. रामगड म्हणून आपण जे पाहिले ते बंगळूरजवळच्या रामनगरच्या खडकाळ टेकड्यांत कलादिग्दर्शक राम येडेकर यांनी उभारलेले गाव होते, आणि द्वारका दिवेचा यांच्या कॅमेऱ्यासमोर येण्यापलीकडे त्या गावाला दुसरे प्रयोजन नव्हते. आजोबांना हुबेहूब हवे आहे ना, मग त्यांच्याकडेच एक काम सोपवा. चित्रपट पुन्हा न लावता, त्या प्रसंगातले काय काय आठवते ते त्यांनी नातीला सांगावे आणि तिने ते लिहून घ्यावे. उंचावर झोकांड्या खाणारा एक माणूस, त्याच्या हातातली बाटली, खाली जमलेला गाव, बसंती, हबकलेली मौसी आणि या गोंधळाचे सोयरसुतक नसलेला जय, यापलीकडे ती यादी फारशी जाणार नाही असा माझा अंदाज आहे. टाकीला खांब किती होते आणि शिडी कोणत्या बाजूला होती, हे हा चित्रपट तोंडपाठ असणाऱ्यांनाही सहसा सांगता येत नाही. (वीज नसलेल्या रामगडात त्या टाकीत पाणी चढत तरी कसे होते, हा प्रश्न रसिक अजून विचारतात. आपल्याकडची गोष्ट उलटी आहे. टाकी असते, मोटार असते, पाण्याचाच पत्ता नसतो.) जे आठवणीत राहिले तेच चौकटीत यायला हवे, बाकीचे गाळले तरी कोणाच्या लक्षात येत नाही.

म्हणून मुलीला तीनच चौकटी निवडायला सांगा. पहिलीत लांबून दिसणारी सबंध टाकी आणि तिच्यावर ठिपक्याएवढा वीरू, दुसरीत टाकीचा कठडा आणि त्यामागे डुलणारा वीरू जवळून, तिसरीत खालची गर्दी. या तिन्हींसाठी एकच टाकी वापरायचा हट्ट धरला की काम अडते. पहिल्या चौकटीतली टाकी वीतभर उंचीची चालते, कारण तिथे बाहुली बसवायचीच नसते. एखादा बारीक रंगीत तुकडा माणूस म्हणून खपून जातो. दुसऱ्या चौकटीत खांबांचा संबंधच नाही, टेबलावर नुसता कठडा बांधला की झाले. आणि तिसऱ्या चौकटीत टाकी दिसतच नाही.

आता मोजमापाचे बोलू, कारण तुमच्या मुलीची खरी दमछाक तिथे झाली आहे. लेगोचा साधा ठोकळा ९.६ मिलिमीटर उंच असतो आणि वरच्या दोन गोल उंचवट्यांच्या मध्यांतले अंतर ८ मिलिमीटर असते. बाहुली जवळपास ४ सेंटिमीटर उंच. ती १.७ मीटर उंचीचा माणूस मानली, तर खऱ्या जगातली प्रत्येक गोष्ट सुमारे ४२ पटींनी लहान करावी लागते. तुमच्या गावचा जलकुंभ जमिनीपासून १२ मीटर उंच खांबांवर आहे असे धरले, तर खांबाची उंची साडेअठ्ठावीस सेंटिमीटरच्या आसपास येते, म्हणजे ठोकळ्यांचे ३० थर. असे सहा खांब उभारायचे तर चार उंचवट्यांचे चौकोनी ठोकळे १८० लागतील. घरात ते नाहीत, म्हणून मुलगी एकेका उंचवट्याचे बारके ठोकळे एकावर एक चढवत असणार, आणि तसा खांब दहाबारा थरांनंतर वाकणारच. खऱ्या जलकुंभाकडे नीट पाहिले तर खांबांना ठरावीक उंचीवर आडव्या तुळयांनी एकमेकांशी बांधलेले दिसेल. तिनेही दर सहासात थरांनंतर लांब चपटे तुकडे आडवे टाकून शेजारशेजारचे खांब जोडावेत. मागच्या बाजूचे खांब कॅमेऱ्याला अर्धवट दिसतात, तिथे राखाडी कागदाच्या घट्ट सुरळ्या उभ्या केल्या तरी चालते. ठोकळ्यांशिवाय दुसरे काहीही वापरायचे नाही असा नियम काही हौशी मंडळी पाळतात. त्यांचा मान राखूनही मी म्हणेन की आठवीतल्या मुलीने तो पाळण्याची गरज नाही.

खांब वाकण्याचे आणखी एक कारण संभवते. घरात वेगवेगळ्या कंपन्यांचे ठोकळे एकत्र झालेले असतात. डेन्मार्कमधील बिलुंड गावच्या लेगो कंपनीने १९५८ मध्ये ठोकळ्याच्या पोटातल्या पोकळ नळ्यांची रचना पेटंट केली. एका ठोकळ्याचे उंचवटे दुसऱ्याच्या पोटातल्या त्या नळ्या आणि बाजूच्या भिंती यांच्या मधल्या जागेत घट्ट बसतात, म्हणून तो पकड घेतो. ही पकड मिलिमीटरच्या शंभराव्या भागांच्या हिशेबावर चालते. दिसायला सारखे पण किंचित मोठे-लहान ठोकळे एकाच खांबात मिसळले की तो फरक थरागणिक साठत जातो आणि वर जाईपर्यंत खांब तिरपा होतो. तेव्हा ठोकळ्यांची कंपनीनिहाय निवड करावी, सर्वांत घट्ट बसणारे खांबांना ठेवावेत आणि सैल बसणारे घरांच्या भिंतींसाठी वापरावेत. त्याआधी ते धुऊन घेतले तर पकड सुधारते, पण पाणी ४० अंशांपेक्षा गरम नको. मे महिन्यात आपल्याकडे गच्चीवरच्या टाकीचे दुपारचे पाणीही भरवशाचे नसते, म्हणून ते काम माठाशेजारच्या बादलीतल्या पाण्याने करावे आणि ठोकळे सावलीत वाळवावेत. उन्हात ठेवल्यास पांढरे आणि राखाडी ठोकळे कालांतराने पिवळट पडतात.

टाकीच्या गोलाईची काळजी करायला नको. कॅमेऱ्याला गोल टाकीचा समोरचाच भाग दिसतो, तेव्हा तेवढीच कमान बांधली की पुरे. दोन उंचवट्यांचे ठोकळे विटांच्या बांधकामासारखे सांधे चुकवून रचले, तर त्यांच्या जोडांत जो किंचित ढिलेपणा असतो त्यामुळे लांब भिंत हळूहळू वाकवता येते. बिजागरीचे तुकडे असतील तर आठ सपाट बाजूंची टाकी आणखी लवकर होते आणि लांबून ती गोलच वाटते.

गर्दीचा प्रश्न मात्र खरोखर अवघड आहे आणि तो तुमच्या मुलीला जाणवला, याचे मला कौतुक वाटते. लेगोची ही बाहुली १९७८ पासून साधारण याच घडणीची आहे. तिचे डोके एका खुंटीवर बसवलेले असते, त्यामुळे ते डावीकडे-उजवीकडे फिरते, पण वर-खाली होत नाही. हात खांद्यातून पुढे-मागे आणि पार वरपर्यंत फिरतात, मनगट फिरते, पाय कमरेतून पुढे वाकतात, बस. गर्दी वर पाहत नाही, कारण तिच्या घडणीतच ती सोय नाही. आणि अख्खा गाव मान वर करून पाहतो आहे, यावर तर हा सगळा प्रसंग उभा आहे. यातून वाट काढायची तर मान सोडून सबंध शरीर कलवावे लागते. गर्दी उंचवटे असलेल्या एका वेगळ्या पाटीवर पक्की बसवावी आणि पाटीची पुढची कड पुस्तके सारून इतकी उचलावी की सगळी माणसे मागे रेललेली दिसतील. चौकटीत पाय आणि जमीन येऊ द्यायची नाही, कमरेच्या वरचेच दाखवायचे. तिरपी पाटी दिसत नाही, वर वळलेले चेहरे तेवढे दिसतात. टाकीवरून खाली पाहिल्यासारखी चौकट हवी असेल तर कॅमेरा उंच नेण्याऐवजी तीच पाटी जवळजवळ उभी करून भिंतीला टेकवावी. पाय पक्के बसलेले असल्यामुळे बाहुल्या पडत नाहीत. मला स्वतःला याहून सोपा एक उपाय जास्त आवडतो. गर्दी कॅमेऱ्याकडे पाठ करून उभी करावी आणि दोघातिघांचे हात वर दाखवावेत. चेहरेच दिसत नसल्यामुळे मानेचा प्रश्न उरत नाही, आणि बोट वर गेले की पाहणाऱ्याची नजरही आपोआप वर जाते.

बाजारातल्या बाहुल्या पोलीस, अग्निशामक जवान आणि अंतराळवीर असतात, खेडूत क्वचितच मिळतात. त्यांचे केस किंवा टोपी काढून डोक्याभोवती लोकरीचा धागा गुंडाळला की फेटा होतो, आणि शिंप्याकडच्या चिंधीतून मौसीच्या डोक्यावरचा पदर निघतो. जयला मात्र काही करू नका, त्याला नुसते बाजूला बसवा. सगळे हात वर आणि एकटाच स्वस्थ बसलेला, एवढ्यावर तो ओळखू येतो.

वीरूच्या झोकांड्यांसाठी त्याचा एकच पाय उंचवट्यावर बसवायचा, म्हणजे बाहुली त्या पायावर थोडी थोडी फिरवता येते, आणि कललेली ठेवायची असेल तेव्हा दुसऱ्या पायाखाली मऊ चिकणमातीचा गोळा लपवायचा. प्रत्येक हालचालीनंतर एक छायाचित्र, अशी शेकडो छायाचित्रे सलग दाखवली की बाहुली चालते. ही युक्ती आपल्याकडे फार जुनी आहे. दादासाहेब फाळके यांनी ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी कुंडीतल्या वाटाण्याला अंकुर फुटून वेल वाढतानाची चित्रे अशीच टप्प्याटप्प्याने टिपली होती, आणि १९१५ मध्ये त्यांनी आगकाड्या हलवून ‘आगकाड्यांची मौज’ केली. आजोबांना हे सांगा. हुबेहूबपणाचा त्यांचा आग्रह थोडा सैल होईल.

हिशेब असा की चित्रपटगृहात सेकंदाला २४ चित्रे दाखवतात, घरच्या कामाला १२ पुरतात. तीस सेकंदांच्या फितीसाठी ३६० छायाचित्रे लागतील. त्याहून लांब करू देऊ नका. फोन पक्का टेकवून ठेवावा आणि त्याला शक्यतो हात लावू नये; अनेक फोनमध्ये इअरफोनच्या आवाज वाढवण्याच्या बटणाने फोटो निघतो. पडद्यावर बोट दाबून धरले की बहुतेक फोनांत फोकस आणि उजेड एका जागी बांधून ठेवता येतो. हे केले नाही तर प्रत्येक चित्र कमी-जास्त उजळ येऊन सगळी फीत लुकलुकते. त्याच कारणाने खिडकीचा उजेड नको, कारण सूर्य सरकतो आणि ढगही येतात. पडदे ओढून दोन एलईडी दिव्यांवर काम करावे. पंखा बंद ठेवावा लागतो, नाहीतर फेट्यांचे धागे प्रत्येक चित्रात हलतात आणि कागदाचे आभाळ फडफडते. आपल्याकडच्या उन्हाळ्यात पंख्याशिवाय बसायचे म्हणजे पहाटेची वेळच बरी, तेव्हा विजेचा दाबही सहसा स्थिर असतो. जमिनीवरून टाकीकडे पाहतानाची चौकट हवी असेल तर फोन उलटा धरावा. भिंग फोनच्या वरच्या टोकाला असते, उलटा केला की ते थेट जमिनीशी येते, आणि पंधरा थरांची टाकीसुद्धा आभाळाला भिडलेली दिसते. नमुन्यासाठी गावच्या जलकुंभाची छायाचित्रे हवीच असतील तर ती खालूनच काढावीत. शिडीवर चढायचे नाही, हे तिला स्पष्ट शब्दांत सांगा.

मूळ संवादांविषयी. कॉपीराइट कायदा, १९५७ प्रमाणे चित्रपटावरचा हक्क प्रदर्शनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे टिकतो, म्हणजे ‘शोले’चा ३१ डिसेंबर २०३५ पर्यंत. शाळेच्या कार्यक्रमात विद्यार्थी, शिक्षक आणि पालक एवढेच प्रेक्षक असतील तर त्याच कायद्याच्या ५२व्या कलमात सवलत आहे. तीच फीत पुढे इंटरनेटवर टाकायची म्हटली की ती सवलत पुरत नाही, आणि मूळ ध्वनी ओळखून आवाज बंद केला जाण्याचा संभवही असतो. यापेक्षा संवाद आजोबांच्या आवाजात, तुमच्या घरात बोलतात त्या बोलीत, नव्याने लिहून ध्वनिमुद्रित करा. हा सल्ला कायद्याच्या भीतीपोटी देत नाही. ज्या माणसाला सगळे हुबेहूब हवे आहे त्याला मौसी, वीरू आणि जय या तिघांचे आवाज काढायला बसवले, म्हणजे नातीच्या अडचणी त्याला आतून कळतील. आवाज आधी मुद्रित करावा आणि चित्रे नंतर काढावीत. एखादे वाक्य पाच सेकंदांचे असेल तर त्यासाठी ६० चित्रे, असा हिशेब सरळ लागतो. बाहुलीचे तोंड हलत नाही, म्हणून जो बोलतो त्याचे डोके किंवा हात दर दोनतीन चित्रांनंतर थोडे हलवायचे आणि इतरांना स्थिर ठेवायचे.

आणखी एक गोष्ट सुचवतो, ती मुलीने मानली तर मानावी. दारू प्यालेला नायक स्नेहसंमेलनात दाखवायला गुरुजी नाही म्हणण्याची शक्यता आहे. आपल्या जिल्ह्यांतल्या वर्तमानपत्रांत कोणी पाण्यासाठी, कोणी पीकविम्यासाठी, कोणी आरक्षणासाठी टाकीवर चढले की ‘शोले स्टाईल आंदोलन’ हा मथळा ठरलेला असतो. तुमचा वीरूही बाटलीऐवजी रिकामी घागर घेऊन चढू शकतो आणि टाकीत पाणी आल्याशिवाय उतरणार नाही म्हणू शकतो. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले, तेव्हा तुमची मुलगी अंगणवाडीच्या वयाची असेल. तिला ते आठवत नसेल, पण आजोबांना वीरूच्या तोंडी काय घालायचे हे सांगावे लागणार नाही. रचना तीच राहते, उंचावरचा एक माणूस आणि खाली गाव, म्हणून प्रसंग ओळखायलाही अडचण येत नाही.

खरेदीचे एवढेच, की आधी तिन्ही चौकटींची एकेक चाचणी छायाचित्रे काढून पाहावीत आणि त्यांत जे उणे दिसेल त्याचीच यादी करावी. सुटे ठोकळे आता ऑनलाइन मिळतात, वापरलेलेही मिळतात. बहुधा ती यादी चार उंचवट्यांचे चाळीस-पन्नास राखाडी ठोकळे आणि काही बिजागऱ्या यांच्यावर थांबेल, आणि वह्यापुस्तकांच्या पैशांना हात लावावा लागणार नाही. मागवताना खांबांसाठी ज्या कंपनीचे ठोकळे वेगळे काढले आहेत, त्याच कंपनीचे मागवा.